शिपायांचा उतारा

गोदावरीच्या उत्तरेस, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत तीर्थपुरी नांवाचें बाजाराचें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें जांब त्याच तालुक्यांत आहे. कांहीं कामानिमित्त आमचें तीर्थपुरीस जाणें झालें, तेव्हां ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस पहिला प्रश्न केला तो हा: "कुठं उतरलात?" आम्हीं नुकतेच मोटारींतून उतरलों होतों हें खरें, परंतु प्रश्नाचा रोख तो नव्हता. कोणाच्या घरीं मुक्काम आहे, भाकर कोणाकडे आहे, एवढेंच त्यांस विचारावयाचें होतें. 'उतरणें' म्हणजे मुक्काम करणें हा अर्थ आपल्या इतका अंगवळणी पडला आहे कीं त्याच्या मागें वाहनावरून पायउतार होणारा प्रवासी उभा आहे, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

त्या प्रश्नानें आमच्या मनांत एक जुना विषय पुनः जागा झाला. घोड्यावरून उतरणारा पाहुणा असला तर उत्तमच. पण तो शिपाई असला, आणि एकटा नसून पांचशें असले, तर ओसरीवरच्या बाईनें काय करावें? लष्कर मोहिमेवर असतां शिपायांनीं रयतेच्या घरांत राहणें, तिच्या चुलीवर शिजवून खाणें, तिच्या गोठ्यांत घोडीं बांधणें, हा प्रकार जगांतील बहुतेक देशांत होऊन गेला आहे. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया येतात, तह येतात. परंतु लढाईच्या आदल्या रात्रीं सैन्य कोठें निजलें, आणि तें निघून गेल्यावर त्या घरांत काय उरलें, ह्याची वार्ता क्वचितच येते. ती शोधूं जातां पहिली अडचण पडते ती शब्दाची.

इंग्रजींत ह्या प्रकारास 'बिलेट' असा शब्द आहे. तो मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ नुसता चिठ्ठी असा आहे. अमुक घरांत अमुक शिपायांस जागा द्यावी, असें अधिकाऱ्यानें लिहून दिलेली जी चिठ्ठी ती बिलेट; पुढें चिठ्ठीचें नांव त्या जागेसच पडलें. मराठींत ह्यास नेमका प्रतिशब्द नाहीं. तळ आहे, गोट आहे, मुक्काम आहे, छावणी आहे, बिऱ्हाड आहे, उतारा आहे. त्यांपैकीं तळ आणि गोट हे गांवाबाहेरचे. छावणी हा शब्द छाया, छप्पर ह्यांच्या कुळांतला. मराठ्यांच्या कागदांत छावणी म्हणजे लष्करानें पावसाळ्यापुरता केलेला निवारा. मराठवाड्यांत दुष्काळाच्या वर्षीं, जसें २०१२-१३ सालीं, हाच शब्द गुरांच्या चाऱ्याच्या छावण्यांस लागतो. बिऱ्हाड आणि उतारा हे घरांतले शब्द खरे, पण ते सर्वांसच सारखे: यात्रेकरूस, व्यापाऱ्यास, लग्नाच्या वऱ्हाडास आणि शिपायासही. घरधन्याची इच्छा नसतां त्याच्या घरांत येऊन राहिलेला, हा अर्थ ह्यांपैकीं एकाही शब्दांत नाहीं.

आतां ह्याची दुसरी बाजू पाहावी. लष्कराच्या पायीं रयतेचें जें नुकसान झालें त्यास आपल्या भाषेंत शब्दांचा तुटवडा नाहीं. घोड्यांच्या वैरणीदाण्याच्या नांवानें घेतलेला कर तो घासदाणा. उभ्या पिकांतून फौज गेल्यामुळें झालेली नासाडी ती पायमल्ली. आज आपण कायद्याची पायमल्ली म्हणतों, पण मुळांत पायाखालीं तुडविलें जात होतें तें शेत. मजुरी न देतां करून घेतलेलें काम ती वेठ. घराबाहेर गेलेल्या प्रत्येक वस्तूस नांव आहे. घरांत आलेल्या माणसास मात्र वेगळें नांव नाहीं. तो उतरला, एवढेंच आपण म्हणतों.

हें नांव नसणें आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. जो उतरला तो आपल्या रीतीप्रमाणें पाहुणा झाला. पाहुण्यास किती दिवस राहणार असें विचारावयाचें नसतें. त्यानें काय खाल्लें ह्याचा हिशेब ठेवावयाचा नसतो. आणि तो गेल्यावर त्याची तक्रार करणें हें तर घराच्या अब्रूस बट्टा लावून घेणें होय. चिठ्ठी ही हुकमाची असते, गोड नसते. तथापि तींत माणसांची संख्या असते, आणि ती हातांत घेऊन घरधन्यास कोणाच्या तरी दारीं जातां येतें. तोंडी पाहुणचारास असें दार नाहीं. शिपायास पाहुण्याचें नांव मिळालें कीं यजमानाचा हक्क आपोआप बुडतो, असें आम्हांस वाटतें.

हा केवळ आपल्याच भाषेचा विशेष आहे असें मात्र नव्हे. अरबींत 'नुझूल' म्हणजे उतरणें. आपल्या 'उतरण्या'चा तो सख्खा भाऊच म्हणावा. मोंगल इलखानांच्या अमलाखालीं इराणांत ह्याच शब्दानें सरकारी जासूद व शिपाई ह्यांचें लोकांच्या घरांत येऊन राहणें ओळखलें जात असे. त्याचा जाच एवढा होता कीं घर चांगलें दिसलें तर तेंच प्रथम निवडलें जाईल ह्या भीतीनें लोक आपलीं घरें पडकीं ठेवीत, असें त्या काळचा वजीर व इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो. गाझान खानानें (राज्यकाळ १२९५ ते १३०४) ही चाल बंद केली. त्याच धातूपासून आलेला नझूल हा शब्द आपल्याकडे नागपूर-वऱ्हाडांत अजून चालतो. तेथें तो शहरांतील सरकारी जागेस लावतात. उतरणाऱ्यापासून निघालेला शब्द अखेर मालकीवर येऊन थांबावा, ह्यांत पुष्कळच इतिहास सांठविलेला आहे.

युरोपांत हा प्रश्न राजा आणि प्रजा ह्यांच्या भांडणाचें एक मूळ झाला. १६२८ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें राजा पहिला चार्लस ह्यास जो हक्कांचा अर्ज सादर केला, त्यांत लोकांच्या घरांत त्यांच्या मर्जीविरुद्ध सैनिक व खलाशी ठेवले जातात ही तक्रार स्पष्ट आहे. फ्रान्सांत १६८१ सालापासून चौदाव्या लुईच्या अंमलदारांनीं ह्याच गोष्टीचें हत्यार केलें. प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरांत ड्रॅगून नांवाचे स्वार मुद्दाम उतरविले जात, आणि घरधन्यानें धर्म बदलला म्हणजे ते उठविले जात. अमेरिकेंतील वसाहतींनीं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत इंग्लंडच्या राजाविरुद्ध जे दोष मांडले, त्यांत लोकांवर सैन्य लादल्याचा दोष आहे. आणि १७९१ सालीं त्यांच्या राज्यघटनेस ज्या पहिल्या दहा दुरुस्त्या जोडण्यांत आल्या, त्यांतील तिसरी सबंध ह्याच एका विषयावर आहे. शांततेच्या काळीं मालकाच्या संमतीवांचून कोणत्याही घरांत शिपाई ठेवूं नये, असें ती सांगते. मतदानाच्या आणि करांच्या हक्कांइतकाच चुलीचा हक्कही त्या लोकांस मोलाचा वाटला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आपल्या गंगथडीकडे वळूं. पैठणपासून खालीं गोदावरीच्या दोन्ही तीरांवरचा हा मुलूख अठराव्या शतकांत पेशवे आणि निजाम ह्यांच्या फौजांची वहिवाटीची वाटच होता. १७२८ सालीं पालखेडच्या मोहिमेनंतर मुंगी-शेवगांवचा तह झाला तो ह्याच नदीच्या कांठीं. १७६३ च्या १० ऑगस्टला राक्षसभुवनची लढाई झाली तीही येथेंच, आणि भर पावसाळ्यांत. गोदावरी दुथडी भरलेली. निजामअलीचें कांहीं सैन्य उत्तर तीरावर पोंचलेलें, कांहीं दक्षिणेस अडकलेलें. त्या अडकलेल्या सैन्यावर माधवराव पेशवे व रघुनाथराव चालून गेले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथें पडला. दिवाण पडल्याची नोंद सर्व ग्रंथांत आहे. परंतु नदीकांठच्या पावसांत भिजलेल्या त्या हजारों माणसांनीं आणि जनावरांनीं त्या आठवड्यांत कोणाच्या ओसऱ्या, कोणाचे गोठे आणि कोणाच्या कडब्याच्या गंजी धरल्या असतील, ह्याचा विचार करूं लागलें म्हणजे विजय कोणाचा झाला हा प्रश्न कांहींसा मागें पडतो.

घासदाण्याचा बोजा ह्या मुलखास किती जड झाला होता ह्याचें एक प्रत्यंतर तहनाम्यांतच आहे. नागपूरकर भोसले औरंगाबाद सुभ्यांतून घासदाणा वसूल करीत. १७६९ सालीं माधवराव पेशव्यांनीं जानोजी भोसल्यांशीं कनकापूरचा तह केला, त्यांत ही वसुली बंद करावी असें कलम घालावें लागलें. आजचा जालना जिल्हा १९८१ सालीं स्वतंत्र झाला. त्या काळीं हा सर्व टापू औरंगाबाद सुभ्यांतच मोडत होता. ज्या गोष्टीसाठीं दोन बलाढ्य सत्तांस तहाचें कलम खर्चीं घालावें लागतें, ती रयतेच्या अंगणांत किती खोल गेली असेल हें सांगावयास नको.

घराचें सैन्यांत रूपांतर होण्याचें टोंकाचें उदाहरणही ह्याच जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांतील असई येथें घडलें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले ह्यांची तेथें लढाई झाली. मातीच्या भिंतींचें तें खेडें शिंद्यांच्या पायदळानें व तोफांनीं भरून टाकलें होतें, आणि तेथून झालेल्या माऱ्यानें इंग्रजांचीं माणसें फार पडलीं. पुढें वेलस्लीनें आपल्या जखमींचें इस्पितळ अजिंठ्यास नेलें. एका खेड्यांत तोफा, दुसऱ्या गांवांत जखमी. दोन्ही ठिकाणीं लढाईशीं ज्यांचा कांहींएक संबंध नव्हता अशांच्या गांवांवर लढाई येऊन उतरली.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं ह्यास इलाज काय? लष्कर म्हटलें कीं तें खाणार, राहणार आणि तुडविणार. ह्या म्हणण्यास आपल्याच इतिहासांत एक उत्तर आहे, आणि तें वर सांगितलेल्या अमेरिकेच्या दुरुस्तीहून शंभराहून अधिक वर्षांनीं जुनें आहे. शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण तालुक्यांतील हलवर्ण येथें असलेल्या आपल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस लिहिलेलें पत्र पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्यांत महाराजांनीं धर्माच्या किंवा दयेच्या मोठ्या गोष्टी सांगितल्या नाहींत. त्यांनीं हिशेब सांगितला आहे. पावसाळ्याच्या बेगमीस दाणा व वैरण मोठ्या यातायातीनें जमविली आहे. ती आहे तोंवर मनास येईल तशी उडवाल, तर ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशीं मरतील आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्हीं कुणब्यांच्या दारीं जाल. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असें झालें म्हणजे जीव धरून राहिलेले कुणबीही गांव सोडूं लागतील, कित्येक उपासमारीनें मरतील, आणि ह्यांच्यापेक्षां मोंगल बरे असें त्यांस वाटेल.

ह्या पत्रांतली आमच्या विषयास धरून असलेली गोष्ट पुढें आहे. शिपायांपैकीं कोणी पागेस राहिले असतील, कोणी मुलखांत गांवोगांव राहिले असतील, हें महाराज गृहीतच धरतात. म्हणजे शिपाई रयतेमध्यें राहत होते. ती गोष्ट त्यांनीं नाकारली नाहीं. मात्र त्यांनीं आपल्या जागेबाहेर पाऊल घालण्याचें कारण नाहीं, कारण खजिन्यांतून पगार वांटला आहे. जें लागेल तें बाजारांत जाऊन विकत घ्यावें, कोणावर जुलूम करूं नये, कोणाशीं कलागत करूं नये, असें ते बजावतात. ह्यांत पाहुणचाराचा एकही शब्द नाहीं. शिपाई हा पाहुणा नसून गिऱ्हाईक आहे, असें ह्या पत्राचें सार आम्हीं काढतों. पाहुण्यास फुकट द्यावें लागतें. गिऱ्हाइकानें पैसे मोजावयाचे असतात. हा फरक ज्या राज्यानें ओळखला त्यानें कुणब्याच्या चुलीभोंवतीं न दिसणारी एक भिंत उभी केली.

ह्याच पत्रांत आगीविषयींचा इशाराही आहे, आणि तो वाचतांना एखाद्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाचाच स्वर ऐकूं येतो. कोणी निष्काळजीपणें चूल पेटवील, कोणी वारा आहे हें न पाहतां गवताजवळ तमाखू ओढील. कोणी रात्रीं दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एवढ्यानें गंजी आणि खण जळून जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या, कारकुनांस कितीही ताकीद केली, तरी नवा खण उभारावयास एक लाकूडही मिळणार नाहीं. नुकसान झाल्यावर शिक्षा देऊन तें भरून येत नाहीं, हें राज्यकर्त्यांपैकीं फार थोड्यांस समजतें.

सभासदाच्या बखरींतही हीच व्यवस्था आढळते: पावसाळ्यास लष्करानें आपल्या मुलखांत छावणीस यावें, तेथें दाणावैरण, औषधें, माणसांस व घोड्यांस गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं, आणि दसऱ्यास कूच व्हावें. छप्पर आधीं बांधून ठेवलें म्हणजे शिपायास दुसऱ्याचें छप्पर शोधावें लागत नाहीं.

परंतु येथेंच एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे, आणि तीर्थपुरीच्या ओसरीवर बसून ती टाळतां येत नाहीं. त्याच बखरींतल्या व्यवस्थेप्रमाणें वर्षाचे आठ महिने लष्करानें परमुलखांत पोट भरावयाचें होतें. आणि त्या काळीं हा गोदावरीकांठ परमुलूख होता. १६७९ च्या नोव्हेंबरांत महाराजांच्या फौजेनें मोंगलांची श्रीमंत पेठ जालना लुटली; सभासदाच्या म्हणण्याप्रमाणें लूट चार दिवस चालली. परततांना मोंगल सरदार रणमस्तखान आडवा आला. बहिर्जी नाइकांनीं दाखविलेल्या आडवाटेनें महाराज पट्ट्याच्या किल्ल्यावर पोंचले. तेथें त्यांनीं विश्रांति घेतली म्हणून त्या किल्ल्यास विश्रामगड हें नांव मिळालें. हलवर्णच्या कुणब्यास जें पत्र तारणारें होतें, त्याची छाया जालन्याच्या घरधन्यावर नव्हती. त्या काळचीं सर्वच राज्यें असें वागत, हें खरें. शाहिस्तेखानानें पुण्यांत लाल महालींच बिऱ्हाड केलें होतें, आणि १७६३ सालीं, राक्षसभुवनच्या आधीं कांहीं महिने, निजामाच्या फौजेनें पुणें जाळलें. तथापि ज्या गोष्टीचा आपणांस अभिमान आहे तिची सीमा कोठें होती हें सांगितल्यानें ती लहान होत नाहीं. उलट, आपल्या रयतेपुरतें कां होईना, पण शिपायानें पैसे मोजून जिन्नस घ्यावा असें सतराव्या शतकांत लेखी सांगणारा राजा किती निराळा होता, हें तिच्यामुळेंच नीट दिसतें.

पुढें इंग्रजी अमलांत शिपाई घरांतून निघाले आणि कंटोनमेंटांत गेले. जालन्यासही निजामाच्या खर्चानें पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. गांवकऱ्यांच्या ओसऱ्या मोकळ्या झाल्या. पण खर्च नाहींसा झाला नाहीं, त्यानें केवळ वाट बदलली. कंटिंजंटच्या पगाराची बाकी फिटेना म्हणून १८५३ च्या तहानें निजामास वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे प्रांत कंपनीकडे लावून द्यावे लागले. पैकीं शेवटचे दोन १८६० सालीं परत मिळाले, वऱ्हाड मिळालें नाहीं. १९०२ सालीं वऱ्हाड वर्षास पंचवीस लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेलें. एकेकाळीं शिपाई घरांत उतरत. येथें अख्खा प्रांतच शिपायांच्या उताऱ्यास गेला, असें म्हटलें तर चुकणार नाहीं.

कंटोनमेंटांतही खाजगी घरांचा प्रश्न सुटला नव्हता. पुणें, खडकी येथील लष्करी हद्दींत पुष्कळ बंगले खाजगी मालकीचे होते. लष्करी अधिकाऱ्याच्या राहण्यास जरूर पडली तर मालकानें असा बंगला सरकारास भाड्यानें द्यावा, असा कायदा १९०२ सालीं व पुनः १९२३ सालीं करण्यांत आला. त्यांत सक्ती होती. पण नोटीसही होती आणि भाडेंही होतें. इंग्रजांच्या बिलेटीचा हा सुधारलेला अवतारच म्हणावयाचा. मालकास बंगला द्यावा लागे, परंतु आपण काय दिलें हें त्यास दाखवितां येत असे.

उतारा ह्या शब्दास मराठींत आणखीही अर्थ आहेत. विषावर देतात तो उतारा. आणि मूळ लेखाची नक्कल तीही उतारा. तीर्थपुरीच्या शेतकऱ्यानें उतारा म्हटलें तर त्याच्या मनांत आज सातबाराचा कागद येतो, शिपायाचा मुक्काम येत नाहीं. ही गोष्ट आम्हांस फार समाधानाची वाटते. ज्या शब्दानें एकेकाळीं कोणीही येऊन अंगणांत घोडें बांधावें, त्याच शब्दानें आतां हें अंगण कोणाचें ह्याचा लेखी दाखला मिळतो. आणि असा कागद हाच त्या जुन्या विषावरचा खरा उतारा होय. हलवर्णच्या पत्राचें मर्म तरी दुसरें काय होतें? जें घ्यावयाचें तें मोजून घ्यावें, आणि जागा ज्याची आहे त्याची ती राहावी.

त्या वृद्ध बाईंस आम्हीं आमच्या यजमानांचें नांव सांगितलें. त्यांनीं मान हालवून, "बरं झालं, आपलंच घर हाय," असें म्हटलें. आपलें घर असें परक्यास आपण होऊन म्हणणें, ह्यांत आदरातिथ्याची सारी थोरवी आहे. परंतु तें म्हणण्याचा अधिकार ओसरीवर बसलेल्या बाईचा आहे, अंगणांत उभ्या राहिलेल्या घोडेस्वाराचा नव्हे.